मागून सुटणारी टूरिंग कार : नागपुरातील एका गाडीच्या जुळवणीचे प्रकरण

या प्रकरणातील गाडी १:१० मापाची, विजेवर चालणारी रेडिओ-नियंत्रित टूरिंग कार आहे. चारही चाकांना बेल्टने गती मिळते. चॅसिस सव्वादोन मिलिमीटर जाडीच्या कार्बन फायबरची आहे. पुढे स्पूल, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारा पक्का जोड, आणि मागे सिलिकॉन तेल भरलेले गिअर डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी जोडणी, आहे. मोटर १७.५ टर्नची ब्रशलेस, बॅटरी दोन सेलची ७.४ व्होल्टची लायपो (लिथियम-पॉलिमर), आणि बॉडीसह एकूण वजन १३५० ग्रॅमच्या आसपास. मालक नागपुरातील एक तरुण अभियंता असून ही गाडी त्याने एका हौशी चालकाकडून वापरलेली घेतली होती. रविवारी सकाळी हिंगणा मार्गावरील एका गोदामापुढच्या जुन्या डांबरी पटांगणात, जमिनीवर पाण्याचे जुने पाइप अंथरून आखलेल्या ट्रॅकवर ती चालत असे.

माझ्याकडे आणलेली त्याची तक्रार एका वाक्याची होती : "काका, गाडी मागून सुटूनच राहिली, काहीही केलं तरी थांबत नाही." या "काहीही" मध्ये बरेच काही आले होते. मिळाले तितके मऊ टायर त्याने लावले होते आणि त्यांवर पकड वाढवणारे द्रव दर फेरीआधी भरपूर चोळले जात होते. मागच्या स्प्रिंग संचातील सर्वांत मऊ होत्या, मागचा टो-इन (चाकांची पुढची कड आत वळवण्याचा कोन) प्रत्येक चाकाला ४ अंश आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे वरची कड आत) उणे ३ अंश होता. यांतील प्रत्येक बदल पाठ्यपुस्तकाला धरून आहे : मऊ स्प्रिंग, वाढीव टो-इन, मऊ रबर, या सर्वांनी मागची पकड वाढते असे कोणीही अनुभवी चालक सांगेल. तरीही गाडी फिरत होती, आणि प्रत्येक नव्या उपायानंतर ती अधिक लहरी होत चालली होती. हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे कारण नेमके हेच आहे. मागची पकड कमी पडते असे म्हणणे म्हणजे लक्षण सांगणे होय, आणि लक्षणावर थेट औषध दिले की मूळ दोष झाकला जातो.

सुटते, पण कुठे?

कोणताही पाना हाती घेण्यापूर्वी गाडी नुसती पाहिली. मालकाने चालवली आणि मी ट्रॅकच्या आतल्या बाजूला, दोन वळणे एकाच वेळी दिसतील अशा जागी उभा राहिलो. चालकाच्या जागेवरून गाडी फिरलेली दिसते, पण ती कोणत्या क्षणी फिरू लागली हे तिथून नीट कळत नाही, कारण चालकाचे लक्ष तोपर्यंत तिला सावरण्यात गुंतलेले असते.

वळणाचे तीन टप्पे वेगळे करून पाहावे लागतात : थ्रॉटल (वेग देणारा ट्रिगर) सोडून आत शिरताना, वळणाच्या मधोमध गाडी झुकून स्थिर असताना, आणि थ्रॉटल देऊन बाहेर पडताना. तिन्ही टप्प्यांत मागचे टायर सुटण्याची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात, कधी तर परस्परविरुद्ध. बाहेर पडताना गाडी सुटत असेल तर पुढच्या सस्पेन्शनला वर यायला अधिक मोकळीक दिली की वजन मागे येते आणि मागचे टायर जमिनीवर दाबले जातात. आत शिरताना सुटत असेल तर त्या बदलाचा फारसा लाभ नाही. तिथे मागच्या सस्पेन्शनची मोकळीक कमी करावी लागते. हा भेद न करता "मागची पकड वाढवा" म्हणणे निरर्थक आहे, असे माझे ठाम मत आहे.

या गाडीत दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. पहिली, बाहेर पडताना ती मुळीच सुटत नव्हती. उलट पूर्ण थ्रॉटलवर ती किंचित रुंद जात होती. जे घडत होते ते आत शिरताना, बोट ट्रिगरवरून निघाल्यानंतरच्या क्षणात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. उजव्या वळणांवर गाडी जवळजवळ दर वेळी मागून सरकत होती, डाव्या वळणांवर मात्र क्वचितच. मालकाच्या हे लक्षात आले नव्हते, कारण ट्रॅकवर उजवी वळणेच जास्त होती.

मोबाइलच्या स्लो-मोशन चित्रणाने यात भर घातली. उजव्या वळणात गाडी झुकत असताना मागचे आतले, म्हणजे उजवे चाक जमिनीपासून सुटे होत होते आणि त्यानंतरच मागचे टोक सरकत होते. डाव्या वळणात मागचे डावे चाक जमिनीवर टिकून राहत होते. टायर, टो-इन, स्प्रिंग आणि तेल दोन्ही बाजूंना सारखेच होते. जुळवणीच्या आकड्यांतून हा फरक येऊच शकत नव्हता. तेव्हा हा प्रश्न आधी बिघाडाचा होता, जुळवणीचा नंतर.

तिरपेपणाचा शोध

चॅसिसच्या एका कर्णावरील दोन चाकांवर दुसऱ्या कर्णापेक्षा जास्त भार पडत असेल, तर त्या स्थितीला चालक मंडळी ट्वीक म्हणतात. तिपाईवर ठेवलेल्या वस्तूचा भार आपोआप वाटला जातो, पण चार पायांच्या वस्तूत एक पाय केसभर लांब असला तरी भार कर्णावर जाऊन बसतो. गाडीचेही तसेच होते. मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकावर जास्त भार असेल, तर उजव्या वळणात मागचे बाहेरचे चाक गरजेपेक्षा जास्त दाबले जाते आणि आतले हलके पडते. टायरची पकड भाराच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. भार दुप्पट झाला तरी पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते, म्हणून दोन चाकांत भार जितका असमान, तितकी त्या आसाची एकूण पकड कमी. मागच्या आसावर असे घडत असताना पुढच्या आसावर भार अधिक समान होतो आणि पुढची पकड वाढते. परिणाम एकच : त्या दिशेच्या वळणात नाक घट्ट धरते आणि मागचे टोक सुटते. डाव्या वळणात हाच दोष उलट फिरतो आणि गाडी उगाचच शहाणी वाटते.

तपासणीला महागडी साधने लागत नाहीत. जाड काचेचा एक सपाट तुकडा टेबलावर ठेवून त्यावर गाडी बॅटरीसह उभी केली, स्प्रिंग बसाव्यात म्हणून दोनदा वरून दाबून सोडली, आणि चॅसिसच्या मागच्या टोकाला नेमक्या मध्यरेषेवर कटरच्या पात्याचे टोक लावून हळूहळू वर उचलले. मागचे उजवे चाक आधी सुटले. डाव्या चाकाखाली तेव्हाही कागद अडकत होता. पुढच्या बाजूने तीच परीक्षा केली तेव्हा डावे चाक आधी उचलले गेले. चित्रणात जे दिसले होते त्याला काचेवर दुजोरा मिळाला.

कारण शोधताना अँटी-रोल बार, म्हणजे डावा आणि उजवा आर्म (चाक धरणारा सस्पेन्शनचा हात) एकमेकांशी जोडून गाडीचे झुकणे रोखणाऱ्या दांड्या, आधी सोडवाव्यात, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बार जोडलेले असताना चॅसिस वाकडी आहे की बार, हे ओळखता येत नाही. मागच्या बारला आर्मशी जोडणाऱ्या दोन्ही लिंक काढताच मागची चाके जवळजवळ एकाच वेळी उचलली जाऊ लागली. लिंक व्हर्नियर कॅलिपरने मोजल्या, तेव्हा डावी लिंक उजवीपेक्षा जवळपास एक मिलिमीटर लांब निघाली. लिंकच्या टोकाचा बॉल-कप कधीतरी तुटला असावा आणि बदलताना लांबी नजरेच्या अंदाजाने ठेवली गेली असावी. लांब लिंक डाव्या आर्मला सतत खाली दाबत होती आणि उजव्या आर्मला वर ओढत होती; तिरपेपणाचा मोठा भाग तिथूनच येत होता.

उरलेला थोडा फरक टॉप डेकमध्ये, म्हणजे चॅसिसवरच्या दुसऱ्या पट्टीत, होता. धडकेनंतर चॅसिस किंचित पिळलेली असताना स्क्रू घट्ट केले की पीळ तसाच कुलूपबंद होतो. टॉप डेकचे सर्व स्क्रू सैल करून गाडी काचेवर हाताने दाबून धरली आणि स्क्रू थोडे थोडे, कर्णाच्या क्रमाने कसले. यानंतर दोन्ही बाजूंची चाके एकाच वेळी उचलली जाऊ लागली. लिंक समान लांबीच्या करून बार परत जोडला आणि तपासणी पुन्हा केली. फरक पडला नाही, म्हणजे आता बारही निर्दोष होता.

मागच्या उजव्या आर्मने मात्र वेगळाच त्रास दिला. डॅम्पर (स्प्रिंगची उसळी आवरणारी तेलाची नळी) काढून आर्म वर उचलून सोडल्यावर तो स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवा. डावा पडला, उजवा अर्ध्या वाटेत अडकून राहिला आणि बोटाने टिचकी मारल्यावर खाली आला. आर्म जिच्यावर फिरतो ती हिंज पिन काढून काचेवर लोळवली तेव्हा ती डुगडुगत होती, म्हणजे वाकलेली होती, आणि आर्मच्या छिद्रात काळपट धुळीचा लेप साचला होता. नागपूरच्या आसपासची काळी माती कोरडी झाली की पिठासारखी बारीक होते आणि कुठेही शिरते. त्यात तेलाचा अंश मिसळला की तिची घासणारी लुगदी बनते. पिन बदलली, छिद्र कोरड्या कापडाच्या वातीने साफ केले आणि तिथे तेल मुद्दामच घातले नाही. अडकणारा आर्म असताना स्प्रिंगचा कडकपणा बदलून पाहणे म्हणजे वेळ वाया घालवणे आहे, कारण त्या कोपऱ्यात स्प्रिंग काम करते की नाही हेच निश्चित नसते.

वळणात शिरतानाचा प्रश्न

एवढ्यानंतर गाडी दोन्ही दिशांना सारखी वागू लागली, पण आत शिरताना थ्रॉटल पूर्ण सोडला की अजूनही मागून हलत होती. हा भाग खऱ्या अर्थाने जुळवणीचा होता, आणि इथे पुढे जाण्यापूर्वी मालकाचे पूर्वीचे उपाय मागे घेणे आवश्यक होते.

सर्वांत मऊ स्प्रिंगमुळे मागचे टोक बसले होते. कार्बनच्या पट्टीच्या मागच्या कडेला खालून घासल्याचे ओरखडे होते. वळणात झुकताना चॅसिस जमिनीला टेकली की तेवढा भार टायरवरून उतरतो आणि पकड एका झटक्यात जाते. चालकाला वाटते टायर सुटले, प्रत्यक्षात ते उचललेले असतात. बॉडीच्या आतूनही पुरावा मिळाला. मागच्या दोन्ही चाकांच्या कमानीत बॉडीच्या लेक्सन प्लास्टिकवर राखाडी, गुळगुळीत चंद्रकोर उमटली होती, डावीकडे अधिक ठळक. झुकलेल्या गाडीत बॉडी टायरला घासून ब्रेकसारखी धरत होती. कमानी कात्रीने दोन-तीन मिलिमीटर वाढवल्या आणि कड सँडपेपरने साफ केली. मागच्या स्प्रिंग पुढच्यांपेक्षा फक्त एक पायरी मऊ ठेवल्या. राइड हाइट, म्हणजे जमिनीपासून चॅसिसची उंची, पुढे साडेपाच आणि मागे सहा मिलिमीटर केली. गालिच्याच्या ट्रॅकवर हे आकडे जास्त वाटतील, पण खडी उघडी पडलेल्या जुन्या डांबरावर यापेक्षा खाली जाण्यात शहाणपण नाही. टो-इन ३ अंशांवर आणि कॅम्बर उणे २ अंशांवर आणला. मागच्या टायरची आतली कड झिजून गुळगुळीत आणि बाहेरचा अर्धा भाग जवळजवळ नवा होता. उणे ३ अंश जास्त होत होते हे सांगायला ही झीज पुरेशी होती.

मग मोकळीक, जिला चालक ड्रूप म्हणतात. उभ्या गाडीची चॅसिस हळूहळू उचलत नेली की चाके जमीन सोडेपर्यंत ती जितकी वर येते, तितकी मोकळीक. मागे ती सुमारे चार मिलिमीटर आणि पुढे अडीच भरली. थ्रॉटल सोडताच वजन पुढे झुकते; मागे इतकी मोकळीक असेल तर मागचे टोक उसळते, नाक खाली जाते, पुढचे टायर घट्ट धरतात आणि त्याच क्षणी चालक स्टिअरिंग वळवत असतो. मागच्या आर्ममधील ड्रूप स्क्रू दोन्ही बाजूंना सारखे फिरवून मोकळीक तीन मिलिमीटरवर आणली. फरक पहिल्याच फेरीत दिसला.

दुसरा घटक ईएससीमध्ये, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात, होता. ट्रिगर सोडल्यावर मोटर स्वतःहून जो ब्रेक लावते, तो ड्रॅग ब्रेक, आधीच्या मालकाने २० टक्क्यांवर ठेवलेला होता. ज्याचे बोट हळू उचलते त्याला तो उपयोगी पडतो. या चालकाची सवय ट्रिगर एकदम सोडण्याची होती, त्यामुळे प्रत्येक वळणाच्या तोंडाशी चारही चाकांना झटका बसत होता आणि भार उतरलेले मागचे टायर तो पेलू शकत नव्हते. तो ५ टक्क्यांवर आणला. चालकाची सवय बदलणे अधिक चांगले असते, पण गाडी जो चालवतो त्याच्यासाठी जुळवायची असते.

डिफरन्शियलला हात लावला नाही. मागे ५००० सीएसटीचे (सीएसटी हे तेलाच्या दाटपणाचे माप) तेल होते आणि गळती नव्हती. बरेच जण पकडीच्या प्रश्नावर आधी डिफरन्शियल उघडतात. मी ते शेवटी ठेवतो, कारण ते उघडून, भरून, परत बसवेपर्यंत ट्रॅक बदललेला असतो आणि मग तुलना कशाशी करायची हा प्रश्न उरतो.

नागपुरात हा तुलनेचा मुद्दा विशेष कळीचा आहे. हिवाळ्यात सकाळी सातला डांबर हाताला गार लागते. अकराच्या सुमारास तेच ऊन खाऊन चांगले तापलेले असते, आणि रबराची पकड त्यानुसार बदलते. सकाळी केलेल्या बदलाचा परिणाम दुपारी तपासला तर श्रेय बदलाचे की उन्हाचे हे कळत नाही. म्हणून प्रत्येक बदलानंतर गाडी मूळ स्थितीत परत आणून पुन्हा चालवली; बदल काढल्यावर जुना दोष परत आला तरच बदल मान्य केला. बॅटरी दर वेळी ८.४ व्होल्टपर्यंत भरलेली आणि टायरचा संच तोच ठेवला. ही पद्धत कंटाळवाणी आहे, पण हिच्याशिवाय काढलेल्या निष्कर्षावर मी विश्वास ठेवत नाही.

टायर, धूळ आणि ऊन

टायरचा विचार आम्ही शेवटी केला, आणि तो मुद्दाम शेवटी केला. मऊ टायर सदोष गाडीलाही काही फेऱ्या सावरून धरतो आणि दोष झाकून टाकतो. टूरिंग कारच्या रबरी टायरवर २४, २८, ३२, ३६ असे जे आकडे येतात, त्यांत लहान आकडा मऊ रबराचा आणि मोठा आकडा कडक रबराचा. मऊ रबर गार जमिनीवर लवकर तापून धरते. तापलेल्या जमिनीवर ते जास्त तापते, निसरडे होते आणि भराभर झिजते. मालक दिवसभर २४ वापरत होता. सकाळसाठी २८ आणि ऊन चढल्यावर ३२ असा बदल केला. पकड वाढवणारे द्रव लावणे बंद केले नाही, पण लावून काही वेळाने ते कापडाने पूर्ण पुसून मगच गाडी सोडायची असे ठरवले. न पुसता सोडलेला टायर पहिल्याच फेरीत पटांगणातील धूळ अंगावर घेतो आणि मग रबर डांबराला टेकतच नाही, धुळीच्या थरावर फिरते. ट्रॅकच्या मुख्य रेषेवरून झाडू मारल्यानेही मोठा फरक पडला.

डॅम्परमधील सिलिकॉन तेलही उन्हाला उत्तर देते. त्याचा सीएसटीचा आकडा २५ अंश सेल्सिअसला मोजलेला असतो. साधे सिलिकॉन तेल ३८ अंशांवरून ९९ अंशांपर्यंत तापवले तर त्याचा दाटपणा सुमारे ६० टक्क्यांनी उतरतो. खनिज तेलापेक्षा ही घसरण कितीतरी कमी आहे, पण शून्य नाही. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि काळ्या डांबराचे तापमान त्याहून बरेच वर असते, तेव्हा जानेवारीत ठीक वाटलेले तेल उन्हाळ्यात पातळ पडते आणि गाडी वळणाच्या तोंडाशी डोलू लागते. मागचे दोन्ही डॅम्पर उघडले तेव्हा एकात हवेचा बुडबुडा होता. दोन्हींत ४०० सीएसटीचे नवे तेल भरले आणि दांडा आत ढकलून सोडल्यावर दोन्ही सारखेच परत येतात याची खात्री करून घेतली.

नंतरची स्थिती

मागून सुटणे थांबले, पण त्याची किंमत द्यावी लागली. ट्रॅकच्या टोकाच्या घट्ट वळणात गाडी आता आत यायला नाखूश होती, आणि मालकाने ती तक्रार लगेच केली. मागची मोकळीक तीनवरून साडेतीन मिलिमीटर केली. नाक परत आले आणि मागचे टोक सुटले नाही. याहून पुढे गेलो असतो तर जुना दोष परतला असता, हे चार मिलिमीटरच्या मूळ आकड्यावरून दिसतच होते. मागच्या वरच्या लिंकचे आतले टोक एका वॉशरने उचलून मागचे रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, थोडे खाली आणण्याचा पर्यायही होता. नागपूरच्या इतवारी बाजारात मिळणारा ३ मिलिमीटरचा साधा वॉशर अर्धा मिलिमीटर जाड असतो, पण त्याचा बाहेरचा व्यास ७ मिलिमीटर असल्याने तो बॉल-कपला घासू शकतो. तिथे कमी व्यासाची खास शिमच लागते. ती हाताशी नव्हती, आणि गाडीला त्या बदलाची गरजही उरली नव्हती.

उन्हाळ्यासाठी ३६ चे टायर आणि ४५० सीएसटीचे तेल ठरवले आहे. टो-इन, ड्रूप आणि ड्रॅग ब्रेक आहेत तसेच राहतील, आणि प्रत्येक धडकेनंतर गाडी आधी काचेवर उभी करून मगच पुढचा पाना उचलला जाईल.